पाठीतला कागद

आमच्या आक्काला कुणी हट्टी म्हटलं की मला हसू येतं. हट्टी माणूस कधी ना कधी थकतो, ही बाई थकत नाही. मी लग्न होऊन या घरात आले, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं माझ्या हातात चहाच्या आधी लाकडी पळी दिली आणि म्हणाली, "ढवळत राहा. गुठळी राहिली की पुस्तकाच्या अंगावर फोड येतो." पातेल्यात मैद्याची खळ शिजत होती. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस तू!

आक्का म्हणजे माझी सासू. सगळी गल्लीच तिला आक्का म्हणते, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. आमचा पुस्तकं बांधायचा धंदा. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. कारखाना म्हणायचं आपलं. एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, शिवायचं टेबल आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, बस्स. कागदाची धूळ मात्र अंथरुणापर्यंत. सासरे गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता शटर कायमचं खाली. आक्कानं तेराव्याची वाट न बघता शिकंज्यात अडकलेली पुस्तकं बाहेर काढली. म्हणाली, "वाळून कडक झाली असती. ते रागावले असते."

जाड पुठ्ठ्याचं पुस्तक बांधायचं तर आधी छापील फर्मे, म्हणजे छापखान्यातून आलेले मोठे ताव, दुमडायचे, एकावर एक लावून दोऱ्यानं शिवायचे, मग पाठीला खळ लावून जाळीचं कापड चिकटवायचं आणि त्यावर कागदाची एक पट्टी. ही पट्टी कव्हरच्या आत जाते. पुस्तक धड आहे तोवर ती कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून तिच्यासाठी कोरा कागद कुणी वाया घालवत नाही. छापताना बिघडलेली, शाई फिसकटलेली पानं असतात, त्यांच्याच पट्ट्या कापतात. कुठल्याही बाइंडरला विचारा.

आक्काचं त्यातही एक खास होतं. प्रार्थनाघराची प्रार्थनेची पुस्तकं वर्षानुवर्षं आमच्याकडेच बांधायला येत. त्यातलं बिघडलेलं एकही पान ती रद्दीत जाऊ द्यायची नाही. "रद्दीवाला नेणार, दुकानदार त्यात काहीबाही बांधून देणार, मग ते गटारात. देवाचं नाव पायाखाली तुडवायचं का?" जाळायला तर तिचा हातच धजत नसे. ती पानं ती वेगळ्या खणात ठेवायची, त्यांच्या सरळ पट्ट्या कापायची आणि ज्या पुस्तकाची पाठ रुंद असेल त्याच्या पाठीत घालायची. चिकटवताना ओठ हलत असायचे, प्रार्थना म्हणत असायची. "आत आहे तोवर त्याला धूळ नाही, पाणी नाही, कुणाचा पाय नाही." हे तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. देवाची इतकी काळजी घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

आता लिहिणाऱ्यांचं सांगते. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. दिवसा कचेरीत नोकरी, संध्याकाळी लिखाण. आमच्याकडे स्टुलावर येऊन बसायचे आणि ओल्या पुस्तकांना हात लावायचे. आक्का खेकसायची, "अहो लिहिणारे, हात मागे! लिहायचं तुमचं झालं, आता वाळायचं आमचं चाललंय." तेव्हापासून त्यांचं नावच लिहिणारे पडलं. साधा माणूस हो. चहा घेतल्यावर कप स्वतः विसळून ठेवायचा.

त्यांची मोठी कादंबरी आमच्याकडेच बांधायला आली. बाइंडरचं वाचन म्हणजे काय, फर्मा दुमडता दुमडता दोन पानं इथली, दोन पानं तिथली. कादंबरीचा शेवट आधी कळतो आणि लग्न मागाहून. त्यात एक बाई होती. तिचं मूल तापानं जातं आणि ती प्रार्थनाघराच्या रिकाम्या सभागृहात उभी राहून देवाला वाट्टेल ते बोलते. शिव्याच देते म्हणा ना. ती पानं दुमडताना आक्काचे हात थांबले. आमच्या ह्यांच्या आधी तिला एक मुलगी होती, ती अशीच तापात गेली. आक्कानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "बरोबर भांडलीय. परक्याशी कुणी असं भांडत नाही." मग ती परत दुमडायला लागली.

बाकीच्यांना ते तसं वाटलं नाही. आधी कुणीतरी कुठेतरी भाषण ठोकलं. मग ज्यांनी आयुष्यात धड एक पुस्तक उघडलं नसेल तेही त्या बाईच्या शिव्या तोंडपाठ म्हणून दाखवू लागले. लिहिणाऱ्यांना फोन यायला लागले. तरी तोवर आम्हाला वाटत होतं, होईल थंड. चौकात त्यांची पुस्तकं फाडायचं ठरलं, त्या दिवशी सगळं बिघडलं. आम्ही बांधलेलं पुस्तक सहजासहजी फाटत नाही. कुणीतरी दोन्ही पुठ्ठे धरून ताकदीनं उलटं मोडलं, पाठ फाटली, आणि आतून निघाली पट्टी. तिच्यावर प्रार्थना छापलेली.

संध्याकाळपर्यंत त्या पट्टीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर. खाली मजकूर, की या माणसानं देवाचे शब्द कापले, त्यांना खळ फासली आणि आपल्या घाणेरड्या पुस्तकाच्या आत गाडले. आता फोन नुसते शिव्यांचे राहिले नाहीत. लिहिणाऱ्या हाताची बोटं छाटू, बायकोला रस्त्यात गाठू, असं उघड नावानिशी सांगत होते लोक. लाज ना भीती. आणि म्हणे धर्माची माणसं!

ह्यांनी फोन आक्काच्या समोर धरला. तिनं चष्मा वर सरकवला, नीट बघितलं आणि म्हणाली, "हे मी कापलंय."

"कुणीही कापलं असेल," मी म्हटलं.

"सूनबाई, टोकं तिरकी छाटलीत, दिसतंय ना? तशी मीच छाटते. म्हणजे पाठ फुगत नाही."

"मग? आता काय दवंडी पिटणार आहात?"

"सांगावं तर लागेल. त्यांचा काय दोष? त्यांना तर पाठीत पट्टी असते हेसुद्धा माहीत नाही."

मी तोंड सोडलं. का नाही सोडणार? माझी लेक शाळेत एकटी जाते. घराला पुढचं दार आहे ते रस्त्यावर उघडतं आणि आत भरलाय नुसता कागद, एक काडी पुरे. मी म्हटलं, "विकतचं दुखणं घेऊ नका. ते लिहितात, त्यांना लोक ओळखतात, पोलीस बसलेत त्यांच्या दाराशी. आपल्याला कोण ओळखतं?" ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही तरी सांगा!" हे म्हणाले, "आई, जरा थांबू या." आमचे हे म्हणजे दोन बायकांच्या मधे कायमचे थांबलेले. खणातल्या उरलेल्या पट्ट्या काढून आक्का एकेक सरळ करत बसली.

दुसऱ्या दिवशी ती लिहिणाऱ्यांकडे निघाली. एकटीला कशी सोडू, मीही गेले. त्यांच्या दाराशी एक हवालदार प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. पोट सुटलेला, वयस्कर, सारखा टाचा चोळत होता. आत भर दुपारी दिवे लावलेले. त्यांच्या बायकोनं खिडकीला गादी उभी करून लावली होती. काच फुटली तर अंगावर नको म्हणून. फोन टेबलावर पालथा ठेवलेला आणि मिनिटा-मिनिटाला थरथरत होता. कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. लिहिणारे इतके वाळले होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

आक्कानं सगळं सांगितलं. लिहिणारे आधी नुसते ऐकत राहिले, मग एकदम हसायलाच लागले. "म्हणजे आक्का, माझ्या पुस्तकाला इतके दिवस आतून प्रार्थना टेकू देत होती आणि मलाच पत्ता नाही!" बायकोही हसली. मग तीच रडायला लागली.

"मी सांगते सगळ्यांना," आक्का म्हणाली.

"नाही. अजिबात नाही." लिहिणाऱ्यांचा चेहरा बदलला. "त्यांना कागदाचं काही पडलेलं नाही, आक्का. ते आधीच चिडलेले होते. तुम्ही बोललात तर त्यांना एकाच्या जागी दोन मिळतील. मला वचन द्या."

आक्कानं त्यांचा कप उचलला, विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "येते मी." वचन काही दिलं नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी स्वतःची समजूत घातली की दिलं.

तिथून ती मला न विचारता प्रार्थनाघराकडे वळली. तिथल्या मुख्य धर्मगुरूंना सगळे थोरले म्हणतात. पांढरे केस, मऊ बोलणं. आक्काला ते तरुणपणापासून ओळखत होते. त्यांच्या मांडीवरचं प्रार्थनेचं पुस्तकही तिनंच बांधलेलं. तिनं बरोबर आणलेल्या पट्ट्या त्यांच्यासमोर मांडल्या आणि पहिल्यापासून सांगितलं. थोरल्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले. "यात पाप नाही. उलट तुमची भक्ती दिसते."

"मग तेवढं लोकांना सांगा. तुमचं ऐकतील."

"या आठवड्याच्या प्रार्थनेनंतर बोलतो."

बाहेर आल्यावर आक्काची चालच बदलली होती. मला म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतीस." मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन दोघींनी पोटभर जेवण केलं.

प्रार्थनेच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. सभागृह गच्च भरलेलं, बाहेरच्या आवारातही माणसं. प्रार्थना झाली. थोरले उभे राहिले आणि बोलले, संयमाबद्दल. संयम किती मोठा, राग किती वाईट, मनात शांती असावी. पट्टीबद्दल अवाक्षर नाही, लिहिणाऱ्यांबद्दल नाही, आक्काबद्दल नाही. मूग गिळून खाली बसले आणि पुस्तकात बघायला लागले. मी आक्काकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. गिऱ्हाइकानं माल न्यायला येतो म्हणून सांगावं आणि येऊ नये, तेव्हा ती जशी दिसते तशी दिसत होती. असं झालं की ती स्वतः माल पोचवून येते.

लोक आवारात उतरले तेव्हा ती पायरीवर उभी राहिली. "थांबा जरा, मला बोलायचंय." आवाज बारीक, पण बरेच जण थांबले. आक्काच ती, सगळ्यांच्या ओळखीची. तिनं सांगितलं, की ती पट्टी मी घातली. लिहिणाऱ्यांना काही माहीत नाही. बिघडलेली पानं पायाखाली येऊ नयेत म्हणून आम्ही ती पाठीत ठेवतो, पहिल्यापासून. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "किती दिले त्यानं बोलायचे?" दुसरा म्हणाला, "म्हातारीला पढवून पाठवलंय." एक तरुण पुढे आला, त्याच्या हातात फोन, चित्रण चालू. "पुरावा काय?" त्यानं विचारलं.

पुरावा! आक्काचा चेहरा उजळला. हा प्रश्न तिच्या कामातला होता. तिनं पिशवीतून सासऱ्यांचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. त्यांनी स्वतः बांधलेलं, कडा हातानं काळ्या पडलेल्या, ती रोज उशाशी घेऊन झोपायची ते. "याच्याही पाठीत देवाचेच शब्द आहेत," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या हातातल्या पुस्तकांच्याही आहेत. थांबा, दाखवते." आणि तिनं पिशवीतून सुरी काढली.

तिला थांबवायला माझ्याकडे तो एकच क्षण होता. दुरुस्तीला आलेलं पुस्तक आधी कापावंच लागतं, आक्कानं आयुष्यभर तेच केलंय. आम्हाला त्यात काही वाटत नाही, तुम्हाला भाजी चिरताना वाटतं का? पण मी समोरचे चेहरे बघत होते. मी ओरडले, "आक्का, नको!" तोवर तिनं सुरीचं टोक पुठ्ठा आणि पाठीच्या मधल्या सांध्यात घातलं होतं आणि वरपासून खालपर्यंत एका रेषेत ओढलं होतं. सुबक, जराही न चुकता.

आतली पट्टी दिसत होती. पिवळी पडलेली, अक्षरं स्वच्छ. तिनं ते पुस्तक दोन्ही हातांनी वर धरलं. पण पट्टी कुणीच बघितली नाही. सगळ्यांनी सुरी बघितली.

एक बाई किंचाळली. मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. कुणीतरी माझे केस ओढले. ह्यांनी, कायम थांबलेल्या ह्यांनी, आईला पोटाशी धरलं आणि पाठीवर मार घेत फाटकापर्यंत आणलं. मी मागे वळून बघितलं, तर थोरले सभागृहाच्या दारात उभे होते. आमची नजरानजर झाली. ते आत गेले. त्यांना मी माफ करणार नाही. देव करत असेल तर करो.

त्या तरुणाच्या फोनमधलं चित्रण त्याच संध्याकाळी सगळीकडे गेलं. तेवढाच तुकडा. हातात सुरी घेतलेली म्हातारी आणि देवाचं पुस्तक. आधीचं एक वाक्य नाही, नंतरचं नाही. रात्र पडायच्या आत आमचा फोन थरथरायला लागला. पोलिसांनी आक्कावर गुन्हा नोंदवला, पुस्तक पुरावा म्हणून जप्त केलं आणि मग तिच्याच जिवाला धोका आहे म्हणून आमच्या दाराशी पहारा दिला. सकाळी मी शटर अर्धं उचललं तर बाहेर तोच हवालदार, टाचा चोळत. खुर्चीही तीच. तिकडून उचलून इकडे आणली होती.

लेकीला आम्ही तिच्या आत्याकडे पाठवलं. जाताना ती आजीला म्हणाली, "तू काय केलंस गं?" आक्कानं तिच्या वह्यांचे वळलेले कोपरे अंगठ्यानं सरळ करून दिले. प्रार्थनाघरानं आपली पुस्तकं बांधायला दुसरीकडे दिली. बाकीची कामंही आपोआप आटली. कानावर येतं, की कितीतरी घरांत लोकांनी आपापली प्रार्थनेची पुस्तकं कापून बघितली, आत काय आहे ते. निघाल्या प्रार्थनाच. तरी कुणी येऊन तसं सांगितलं नाही. ती कापलेली पुस्तकं आता कोण बांधून देतंय, देव जाणे.

मध्यंतरी लिहिणाऱ्यांचा फोन आला. ते दुसऱ्या गावी बहिणीकडे गेले होते. मी फोन आक्काला दिला आणि कान लावून उभी राहिले. ते म्हणाले, "आक्का, हल्ली मला कुणाचेच फोन येत नाहीत हो." आणि माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"मग झालं तर," आक्का म्हणाली. "आता लिहायला बसा."

माझा संताप संताप झाला. फोन हिसकावून घ्यावा आणि म्हणावं, आमचे येतात! दिवसभर येतात! पण तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मी हात आवरला. एक काम घेतलं होतं, ते पोचतं झालं.

तिला चिंता आहे ती वेगळीच. रोज सकाळी हवालदाराला चहा देताना विचारते, "अहो, माझं पुस्तक कधी मिळेल?" तो बिचारा मान खाली घालतो. "आक्का, निकाल लागेपर्यंत नाही मिळायचं."

"निकाल लागू दे सावकाश. पण त्याची पाठ उघडी आहे. कपाटात कुणी आडवं टाकलं असेल तर फर्मे सुटतील. निदान उभं ठेवायला सांगा ना तुमच्या साहेबांना."

तो सांगतो म्हणतो. सांगत नसेल. आणि आक्का आत येऊन खळ शिजवायला ठेवते, रोज, ताजी. काय सांगावं, आज पुस्तक आलं तर? कारखान्यात बांधायला एक वही नाही, आणि पातेलंभर खळ. संध्याकाळी मी ती गुपचूप मोरीत ओतते. आधी मी तिला बोलायचे, मैदा वाया जातो म्हणून. आता नाही बोलत.

आज सकाळी तिचे हात दुखत होते म्हणून पळी मी घेतली. शटर बंद, खोलीत अंधार, नुसता गॅसचा निळा उजेड. ती बाजूला स्टुलावर बसून पातेल्यात बघत होती. खळ नुकती दाटायला लागली होती आणि टेबलावर फोन थरथरला. अनोळखी नंबर. माझा हात थांबला.

"राहू दे," आक्का म्हणाली. "ढवळ तू. गुठळी होईल."